दोन हातांची घार

नाकातोला बसता येत नसे. म्हणजे ती बसायची, पण तापलेल्या तव्यावर टाकलेल्या मक्याच्या दाण्यासारखी. बाकावर तिच्या शेजारी कोणी चहा घेऊन टेकलं की दोन मिनिटांत त्याचा चहा मांडीवर यायचा. अंड्याची पोळी चपातीत गुंडाळून विकणारा रोलेक्सवाला तिला लांबूनच बघून म्हणायचा, "आली बघा. हिच्या पायात कोणीतरी मोटार बसवून ठेवली आहे आणि चावी हरवली आहे."

ती सतरा वर्षांची होती आणि काम्पालाच्या बवाइसे वस्तीतली पोरं तिला तिच्या नावाने हाक मारत नसत. कामुन्ये म्हणत. कामुन्ये म्हणजे घार. कालांझीच्या सिनेमात तीच घार व्हायची, पत्र्यावरून पत्र्यावर उडायची आणि चोरांना मानगूट धरून उचलायची.

कालांझी आमच्या वस्तीतला दिग्दर्शक. गॅरेजच्या मागे त्याची खोली, तीन मेलेल्या कॉम्प्युटरांचे अवयव जोडून केलेला एक जिवंत कॉम्प्युटर, भिंतीवर हिरवा कपडा. बोलायला लागला की पहिली तीन बोटं वर. "तीन मुद्दे आहेत. पहिला मुद्दा, प्रेक्षक. दुसरा मुद्दा, मारामारी. तिसरा मुद्दा तुम्हाला कळलाच असेल." तिसरा मुद्दा आजवर कोणाला कळलेला नाही.

नाकातो त्याला सापडली ती पावसात. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मोठा नाला फुटून वस्तीत पाणी शिरलं होतं. त्या दिवसापासून दोन थेंब पडले की ही पोरगी जी कुठे असेल तिथून सुटायची आणि पत्र्यावर चढायची. नुसती चढून थांबायची नाही. या घरावरून त्या घरावर उड्या मारत नाल्यापर्यंत जायची, पाणी किती चढलंय बघायची, खाली खेळणारी पोरं मोजायची आणि परत यायची. लोकांना आधी कीव आली. मग पत्रे वाकायला लागले तशी कीव संपली. "अगं, माझ्या छपराला भोक पाडलंस, आता पाऊस आत येतो, तो कोण मोजणार?" असं बायका खालून ओरडायच्या. कालांझी मात्र खाली उभा राहून बघत राहिला. भिजला, शिंकला, आणि म्हणाला की हिला पैसे देऊन जे करून घ्यावं लागलं असतं, ते ही फुकट करते आहे.

तिच्या आईला विचारायला तो गेला तेव्हा ती मातोके, म्हणजे कच्ची केळी, वाफवत बसली होती. केळीच्या पानांत बांधलेली ती गाठोडी तिच्याइतकी घट्ट कोणी बांधत नसे. तिला सगळे नालोंगो म्हणत, जुळ्यांच्या आईला म्हणतात तसं. तिला जुळ्या मुली झाल्या होत्या, आधी बाबिर्ये, मग नाकातो. बाबिर्ये त्या एप्रिलच्या पाण्यात गेली. पण जुळ्यांतलं एक गेलं तर त्याला 'मेलं' म्हणायचं नसतं. 'उडालं' म्हणायचं. नालोंगो तसंच म्हणे, आणि इतक्या सहज म्हणे की नव्या माणसाला वाटावं, थोरली विमानाने कुठेतरी गेली आहे.

कालांझीने तीन बोटं वर केली. नालोंगोने ती खाली करायला लावली.

"तू हिला काय देणार आहेस?"

पंख, तो म्हणाला. मोडक्या छत्र्यांच्या काळ्या कापडाचे पंख शिवून देणार.

"मग दोन जोड्या शीव. जुळ्यांतल्या एकीला दिलं की दुसरीलाही द्यायचं असतं. हे तुला तुझ्या आईने शिकवलं नाही का?"

कालांझीने दोन जोड्या शिवल्या. एक नाकातोच्या पाठीवर, एक घरात खुंटीला.

पहिला सिनेमा काढला तेव्हा गल्लीत मारामारीचं चित्रण चालू होतं. नाकातोने गुंडाची मानगूट धरली होती आणि गुंड डोळे पांढरे करत होता. तेवढ्यात पलीकडची म्हातारी काठी टेकत आली. नाकातोने गुंडाला सोडलं आणि पंखांसकट चिखलात गुडघे टेकले, कारण वडीलधाऱ्या माणसाला उभ्याने नमस्कार करणारी मुलगी आमच्याकडे कोणी बघितलेली नाही.

"दिवस कसा गेला, जाज्जा?"

"हंऽऽ."

"आणि घरचे?"

"हंऽ. आहेत."

"आणि कोंबड्या?"

"हंऽऽऽ. एक आजारी आहे."

गुंड मानगूट चोळत उभा. कॅमेरा चालूच. कालांझीने ते सगळं सिनेमात ठेवलं आणि व्हिडिओहॉलमध्ये लोक मारामारीपेक्षा त्यावर जास्त उसळले.

अर्धं श्रेय व्हीजेचं. आमच्याकडे सिनेमा नुसता दाखवत नाहीत. पडद्याशेजारी एक माणूस माईक घेऊन बसतो आणि पडद्यावरच्या सगळ्यांचं तोच बोलतो. बायकांचं, पोलिसांचं, कुत्र्यांचं, वेळ आली तर दरवाज्याचंही. त्याला व्हीजे म्हणतात. आमच्या व्हीजेचं नाव सेनेने पडलं होतं. सेनेने म्हणजे नाकतोडा, नोव्हेंबरात तळून खातो तो. हाही तसाच, हिरवा शर्ट, लांब पाय, स्टुलावरून सारखा उडणारा. "बघा बघा बघा, आली आमची घार! अरे पळ रे लंबू, तुझ्या सासूने तुला जेवायला घातलं नाही म्हणून तुला पळवत नाही का? पकडला! धरला! आता जाज्जाला नमस्कार करेपर्यंत जरा लटक बाबा!"

त्यानंतर नाकातोचे हाल सुरू झाले.

लोक तिच्याकडे येऊ लागले. आधी गमतीने. पोरगं जेवत नाही, जरा पंख घालून दम दे. मग गंमत राहिली नाही. आभाळ आलं की बायका पोरांना घरात कोंडून बाजाराला जायच्या आणि जाताना तिला सांगायच्या, "कामुन्ये, लक्ष असू दे हं." एकीने सांगितलं, मग चौघींनी, मग गल्लीने. एकदा एका पोराचा पाय गटारात अडकला आणि नाकातो पोचेपर्यंत पाव तास गेला. पोराला काही झालं नाही, पण त्याची आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. "उडायला येतं ना हिला?" असं नळावर सगळ्यांना विचारत राहिली. नाकातोची झोप सशासारखी झाली. ताटातलं मातोके ती उभ्याने खायची, दारात, एक डोळा आभाळावर.

असं दीड वर्ष गेल्यावर कालांझीने दुसरा सिनेमा काढायचं ठरवलं.

"तीन मुद्दे आहेत," तो म्हणाला. "पहिला मुद्दा, लोक विचारतात, कामुन्ये का उडते? बाहेरदेशीच्या सगळ्या सुपरहिरोंच्या मागे कोणीतरी गेलेलं असतं. बाप जातो, काका जातो, अख्खं गाव जातं. दुःखाशिवाय ताकद येत नाही. दुसरा मुद्दा, तुझ्याकडे दुःख तयार आहे."

तिसरा मुद्दा त्याने कागदावर लिहून आणला होता. पाणी चढतंय. दोन बहिणी. नाकातोचा एक हात विजेच्या खांबाला, दुसऱ्या हातात बाबिर्येचं मनगट. बाबिर्ये म्हणते, सोड मला, तू जग. आणि आपणच हात सोडवून घेते. दोन्ही बहिणी नाकातोनेच करायच्या.

नाकातोने कागद वाचला आणि खोलीत तीन फेऱ्या मारल्या. मग म्हणाली की आईला हे चालणार नाही. तिची सगळी भिस्त त्यावर होती.

नालोंगोला चाललं. नुसतं चाललं नाही, तिने हातातलं केळीचं पान खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे बाबिर्ये पडद्यावर दिसेल?"

दिसेल, कालांझी म्हणाला. हिचाच चेहरा.

"मला बघायची आहे ती," नालोंगो म्हणाली. "एकदा बघायची आहे. फक्त तोंडाने नीट बोला. उडाली म्हणा."

आता नाकातोला नाही कसं म्हणता येणार?

आणि नाही तर म्हणायचंच होतं, कारण नाकातोला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिने तीन वर्षांत एकाही माणसाला सांगितली नव्हती. सगळी वस्ती म्हणायची, पाण्याने ओढलं. पाण्याने ओढलं हे खरं. पण हात निसटला नव्हता. तिने सोडला होता. पाणी छातीला आलं, खांबावरचा हात सरकायला लागला, आणि तिने बाबिर्येच्या मनगटावरची बोटं उघडली आणि आपला तो हात खांबाकडे नेला. आधी उघडली, मग नेला. हा क्रम तिला पाठ होता. पत्र्यावर धावताना, पोरं मोजताना, मानगुटी धरताना तो तिच्या अंगात चालूच असे. आता कालांझी तिला सांगत होता की तो क्रम बाबिर्येच्या हाताने करून दाखव, आणि आई तो बघायला पहिल्या रांगेत बसणार होती.

चित्रण गाड्या धुण्याच्या केंद्रामागच्या खड्ड्यात झालं. पाइपने पाणी भरलं. खांब म्हणून बांबू. नाकातो बाबिर्ये झाली. तिचा हात धरायला नाकातोचा हात हवा, म्हणून सेनेनेला तिच्या शर्टाची बाही चढवून काठावर पालथं पाडलं. कॅमेऱ्यात फक्त त्याचा कोपरापर्यंतचा हात.

कालांझी ओरडला, "बोल, सोड मला, तू जग!"

नाकातोने तोंड उघडलं आणि म्हणाली, "सोडू नकोस."

पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती नुसतं बोलली नाही, किंचाळली, आणि दोन्ही हातांनी सेनेनेच्या मनगटाला लटकली. काठावरून सेनेने केविलवाणा झाला. "अगं बाई, मी कुठे सोडतोय? माझा खांदा खड्ड्यात यायला लागला आहे." सात वेळा केलं. सातही वेळा ती तेच म्हणाली. मग कालांझीने कपाळाला हात लावला आणि म्हणाला की जाऊ दे, आवाज काढून टाकतो. शेवटी बोलायचं व्हीजेलाच आहे.

रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, सिनेमा लागला. व्हिडिओहॉल म्हणजे फळ्यांची लांब खोली, खिडक्यांवर पोती, आत बाकं आणि घामाचा वास. आवाज रस्त्यावरही जावा म्हणून एक कर्णा बाहेर विजेच्या खांबाला बांधलेला. नालोंगो पहिल्या रांगेत बसली आणि शेजारच्या जागेवर तिने घडी केलेले पंख ठेवले, खुंटीवरचे. एक मोठा माणूस तिथे टेकायला आला.

"इथे कोणी बसलंय का?"

"हो," नालोंगो म्हणाली. तो मुकाट्याने मागे गेला.

नाकातो दाराशी उभी होती. या पायावरून त्या पायावर.

सेनेने रंगात आला होता. खच्चून भरलेला हॉल बघून त्याचे पाय जमिनीला लागेनात. पडद्यावर पाणी चढलं, त्याने पाण्याचाही आवाज काढला. बहिणी दिसल्या, त्याने दोघींचे दोन आवाज काढले, बारीक आणि अजून बारीक. मग तो हात आला, त्याचाच, बाही चढवलेला. आणि पाण्यातला तो चेहरा, आ वासलेला. सेनेनेने जन्मभर परदेशी सिनेमांवर बोलून बोलून जी जीभ कमावली होती, ती त्याच्या आधी पुढे गेली.

"सोड मला, नाकातो, तू जग! आणि हात सुटला, आणि बघा बघा बघा, बाबिर्ये मेली!"

हॉलमधली हवाच गेली. कोणीतरी जीभ चावल्यासारखा आवाज केला. शेंगदाणेवाली तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरून बसली. जुळ्या मुलीबद्दल, तिच्या आईच्या तोंडावर, कर्ण्यातून, अख्ख्या बवाइसेला ऐकू जाईल असं. सेनेनेला आपण काय बोललो ते कळलं आणि त्याचा माईक गुडघ्यावर आला.

नालोंगो उठली. तिने शेजारचे पंख उचलले, काखेत घेतले आणि दाराकडे वळली.

नाकातो दारात होती. आईला वाट द्यायची की अडवायची हे तिला ठरवता येईना, आणि ठरवता आलं नाही की ती जे करायची तेच तिने केलं. उडी मारली. बाकावर, मग दुसऱ्या बाकावर, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या टोपीवर, अशी पडद्यापर्यंत गेली आणि सेनेनेच्या हातून माईक हिसकला.

"उडाली," ती म्हणाली. "बाबिर्ये उडाली."

नालोंगो चालतच होती.

"आई, थांब. तिने हात सोडवला नाही. निसटलाही नाही. मी सोडला. मला खांबाला दोन्ही हात हवे होते."

बाहेरच्या कर्ण्यातून हे रस्त्यावर गेलं. रोलेक्सवाल्याचं अंडं तव्यावर करपलं, तो नंतर सांगत होता.

नालोंगो वळली. तिने पंख एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतले.

"तुला त्या खांबावरून कोणी सोडवलं?"

नाकातोच्या तोंडापाशी माईक तसाच होता. "तू."

"तुझे हात कोणी सोडवले? एकेक बोट उचकटून?"

"तू."

"किती हात होते?"

नाकातोने माईक दुसऱ्या हातानेही धरला.

"किती होते, विचारते आहे."

"दोन."

"मग? जुळ्यांच्या आईला दोनपर्यंत मोजता येत नाही असं वाटलं तुला?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. नालोंगोने तिकडे बघितलंही नाही. ती म्हणाली की त्या दिवशी संध्याकाळीच तिला कळलं होतं. एक हात जरी खांबाला कमी असता तर आपल्याला दोघींना शोधत नाल्याकाठी फिरावं लागलं असतं, हेही तेव्हाच कळलं होतं. तीन वर्षं वाट बघत होते, म्हणाली, ही कार्टी कधी सांगते ते. विचारणार नव्हते. विचारून सांगितलं तर ते तिचं कसं?

मग ती पहिल्या रांगेत परत आली, पंख जागेवर ठेवले आणि शेजारी बसली.

"नाकतोड्या, मागे घे. तो चेहरा मला नीट बघायचा आहे. तू गप्प राहा."

सेनेनेने मागे घेतलं. गप्पही राहिला. पडद्यावर पाणी, हात, आणि तो आ वासलेला चेहरा. नालोंगो पुढे झुकली. तिने थांबव म्हणून हात केला तसा चेहरा थांबला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. तिथे बाबिर्येच दिसणार म्हणून ती आली होती, चर्चचा गोमेसी झगा तसाच अंगावर ठेवून, मोठ्या खांद्यांचा, ठेवणीतला.

"ही बाबिर्ये नाही," ती शेवटी म्हणाली. "बाबिर्ये ओठ मिटून रडायची. एवढं तोंड तिने जन्मात उघडलं नाही. ही तू आहेस." आणि जरा वेळाने, पडद्याकडेच बघत, "एवढी घाबरली होतीस?"

नाकातो माईक धरून उभी होती आणि तिचा श्वास कर्ण्यातून रस्त्यावर जात होता. पुढच्या पोरांना एवढं सगळं सहन झालं नाही. त्यांनी पाय आपटले, मारामारी, मारामारी. सेनेनेने हळूच तिच्या हातून माईक घेतला आणि घसा खाकरून सुरुवात केली, पण पहिली पाच मिनिटं तो पाद्र्यासारखा बोलला.

नाकातो आईशेजारी बसली. बाक हलायला लागलं. पंख घसरले. नालोंगोने ते धरले आणि म्हणाली, बसता येत नसेल तर उभी राहा, पण बाक हलवू नकोस. नाकातो उभी राहिली.

तिच्या पायातली मोटार काही थांबलेली नाही. आजही आभाळ आलं की ती आधी वर बघते, मग पत्रा शोधते. फरक पडला तो एवढाच. त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी पाणी चढायला लागलं आणि नळावरची ती बाई, गटारातल्या पोराची आई, धावत आली. लक्ष ठेव, कामुन्ये, मी बाजारात जाते. नाकातो तेव्हा शिडी लावत होती.

"एकटी जाणार नाही," ती म्हणाली. "घरातलं कोणीतरी दोरी धरायला पाठवा. माझा एकच हात मिळेल. दुसरा मला लागतो."

"सिनेमात तर दोन्ही हातांनी उचलतेस," बाई कुरकुरली. कुरकुरतच घरी गेली आणि झोपलेल्या नवऱ्याला शर्टाला धरून घेऊन आली.